न चालणारं कोकरू

"मेंढरं हाकतोस ना तू? मग हाक की ह्याला."

डॉक्टर असं म्हणाले आणि खोलीतली सगळी शिकाऊ पोरं हसली. पांढरे कोट घातलेली, माझ्यापेक्षा वयानं लहान. माझा मुलगा बिरा फरशीवर बसला होता. सात वर्षांचा. अंगात फक्त चड्डी. सदरा मीच काढला होता, कारण काढ म्हणाले. फरशी गार होती. त्याच्या पाठीवर आलेला काटा मला दारातनं दिसत होता. मी दारातच उभा होतो. आत ये असं कुणी म्हणालं नव्हतं.

त्याला त्यांनी पुन्हा पुन्हा खाली बसवून उठवलं होतं. बिरा उठायचा तो वेगळाच. आधी पालथा व्हायचा. मग हात टेकून ढुंगण वर करायचा. मग एक हात गुडघ्यावर, दुसरा हात दुसऱ्या गुडघ्यावर, मग मांडीवर, असा स्वतःच्याच अंगावर चढत चढत सरळ व्हायचा. ते त्यांना बघायचं होतं. मागच्या पोरांना दिसलं नाही की परत बसवायचे. शेवटी तो उठेना. रडला नाही. नुसता माझ्याकडं बघत राहिला.

तेव्हा ते वाक्य.

आणि मी हाकलं. दारात उभा राहून मी जीभ टाळूला लावली आणि मेंढरांपुढं काढतो तो आवाज काढला. आधी टकटक, मग लांब हुर्रर्र. ओळखीचा आवाज ऐकून बिरा उठला. डुलत डुलत भिंतीपर्यंत गेला. हसू आणखी वाढलं. डॉक्टर म्हणाले, "बघा. कळपाची सवय."

मीपण हसलो. साहेब लोक खूश झाले, आता पोराचं काम होणार, असं मला वाटलं.

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. बायकोलाही नाही. तो दवाखाना सांगलीकडचा, मोठा होता. नाव लिहीत नाही. डॉक्टर आता हयात नसतील.

आम्ही मूळ वडूजकडचे. मेंढरांमागं फिरणारे. बहात्तरच्या दुष्काळात आमची बरीचशी मेंढरं गेली. उरलेली थोरल्या भावाच्या हवाली केली आणि मी बायको-पोरं घेऊन तासगावात एका द्राक्षबागेवर कामाला राहिलो. बागेचे मालक आण्णा. बागेच्या कडेला पंपाची खोली होती, तिला लागून आमचं छप्पर. मी, बायको सोनाबाई, बिरा, आणि त्याच्या पाठची हौसा. मी सातवीपर्यंत शिकलेला, त्यामुळं आण्णा मला औषधाच्या डब्यावरचं वाचायला लावायचे आणि पाहुण्यांना म्हणायचे, धनगर असून वाचतो. मला त्याचाही अभिमान वाटायचा.

बिराच्या पोटऱ्या जाड होत्या. दगडासारख्या घट्ट. त्या भागात पोराच्या पोटऱ्या जाड दिसल्या की कुणालाही एकच सुचतं. तालमीतल्या वस्तादानं हातानं चाचपून पाहिल्या आणि म्हणाला, "ह्यो गडी पैलवान हुणार. घाला तालमीत." आण्णांनी खुराकाला रोज तांब्याभर दूध लावलं. मी बिराला पहाटे बैठका मारायला बसवू लागलो. तो खाली बसायचा आणि वर येताना कोलमडायचा. पोरं हसायची. मी त्याला आळशी म्हणायचो. पोटऱ्या पैलवानाच्या आणि अवसान कोंबडीचं, असं मी चारचौघांत म्हणालो आहे. त्या जाड पोटऱ्या हाच रोग होता. हे आम्हाला कळलं नाही. आम्ही त्या पोटऱ्यांना दृष्ट लागू नये म्हणून काळा दोरा बांधला होता.

मग तो सपाट रस्त्यावरही पडू लागला. चवड्यांवर चालू लागला, पोट पुढं काढून. आण्णांची त्या मोठ्या डॉक्टरांशी ओळख होती. त्यांनी चिठ्ठी दिली. मी चिठ्ठी टोपीत ठेवून पोराला घेऊन गेलो, आणि तिथं वर लिहिलेलं झालं.

त्यानंतर दर तीन-चार महिन्यांनी आण्णांकडं निरोप यायचा. पोराला घेऊन या. आम्ही एसटीनं जायचो. दवाखान्याच्या लांब व्हरांड्यात खडूनं दोन रेघा मारलेल्या असायच्या. एका रेघेवर बिराला उभा करायचे. डॉक्टर हातात घड्याळ धरायचे. चाल म्हटलं की चालायचं, दुसऱ्या रेघेला शिवून माघारी यायचं. मग पायऱ्या चढायच्या. मग फरशीवर झोपवून उठ म्हणायचे. प्रत्येक वेळी तेच. शेवटी काहीतरी लिहून घ्यायचे, आपसात इंग्रजीत बोलायचे, आणि जा म्हणायचे.

औषध नाही. गोळी नाही. सुई नाही. मी एकदा विचारलं. तेव्हा डॉक्टर म्हणाले, "आधी चालून दाखवू दे."

त्यांच्या मनात काय होतं ते मला माहीत नाही. मी त्यातनं एकच अर्थ काढला. ही परीक्षा आहे. पोरगं घड्याळात बसलं की औषध मिळणार. जे मेंढरू बाजारापर्यंत चालत जातं त्यालाच गिऱ्हाईक, हे मी लहानपणापासून पाहिलेलं. मी दवाखान्यालाही तोच हिशोब लावला.

मग मी त्याला घरी चालवू लागलो. काम संपलं की संध्याकाळी पंपाच्या खोलीपासून द्राक्षाच्या ओळीच्या टोकापर्यंत. मीपण मातीत रेघ मारायचो. बिरा मांडवाच्या खांबांना धरत धरत जायचा. मी ओरडायचो, खांब धरायचा नाही, दवाखान्यात खांब नसतात. तो हात सोडायचा आणि पडायचा. गुडघे कायम फुटलेले. सोनाबाई चुलीपुढनं उठून यायची.

"आवं, दमलंय पोरगं. ऱ्हावू द्या आजच्या दिस."

"दमू दे. सायेब घड्याळ लावत्यात."

एकदा मी काठी उचलली. हाकायची काठी. मारली ती पोटरीवरच. बिरा म्हणाला, "आबा, मी मुद्दाम करत न्हाई." एवढंच. मी ऐकलं नाही. उठ म्हणालो आणि परत तो आवाज काढला. हुर्रर्र. त्या आवाजाला तो उठायचाच. काय वाटेल ते झालं तरी उठायचा.

दवाखान्यातनं परत येताना एसटीत तो दर वेळी विचारायचा, "आबा, आज मी पास झालो का?" आणि मी म्हणायचो, "पुढच्या बारीला."

प्रत्येक खेपेला त्याला त्याच दोन रेघांमधलं अंतर जड होत गेलं. मला दिसत होतं. मी मेंढरांत वाढलेला माणूस. कळपात कोणतं जनावर मागं पडतंय हे मला धूळ बघून कळायचं. पण डॉक्टर बघतायत म्हणजे ठीक असणार, असं म्हणून मी माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवला नाही.

शेवटच्या वेळी बोलावलं तेव्हा दवाखान्यात गडबड होती. परगावाहून कुणी बडे डॉक्टर आले होते. बिराला मी पाठुंगळीला घेऊन गेलो, कारण स्टँडपासून तो चालू शकला नाही. आम्ही बाहेर भिंतीला टेकून खाली बसलो. समोरच्या बाकावर एक गृहस्थ बसले होते. धोतर, कोट, गळ्यात सोन्याची साखळी. रहिमतपूरकडचे, ऊसवाले. शेजारी त्यांचा मुलगा, बिराएवढाच. त्याच्या पायांना चामड्याचे पट्टे आणि लोखंडी कांबी बांधलेल्या. आणि चड्डीखाली त्याच पोटऱ्या.

ते स्वतःच बोलले. माणूस वाईट नव्हता.

"तुमचंबी तेच का?"

मी म्हणालो, काय तेच?

"आवं, ह्योच आजार. आमाला तर पैल्याच दिवशी सांगितलं डाक्टरांनी. घरी आलं हुतं च्या प्यायला. म्हणालं, पाटील, ह्येला औषिद न्हाई. पाय जात्यात, मग हात, मग सगळंच. पोराला दमवू नका, हाय तवर लाडानं ठेवा."

त्यांनी हे हळू आवाजात सांगितलं, पोरांना ऐकू जाऊ नये म्हणून.  त्यांच्या पोराला आत नेलं तेव्हा दार लावून घेतलं. त्याला पलंगावर झोपवलं असणार. त्याचा सदरा कुणी बाहेर काढायला लावला नाही.

मग आम्हाला बोलावलं. मोठी खोली भरलेली. पुढच्या रांगेत खुर्च्यांवर पाहुणे. एकाच्या हातात कॅमेरा. बिराला त्यांनी माझ्याकडनं घेऊन फरशीवर ठेवलं, मी दारातच. उठ म्हणाले. तो पालथा झाला. हात टेकले. कोपर थरथरलं आणि हनुवटी फरशीवर आपटली. परत उठ म्हणाले. परत तेच. दाताला लागून ओठातनं रक्त आलं. पाहुण्यांना उशीर होत होता.

डॉक्टर माझ्याकडं वळले.

"अरे, तू आवाज काढ ना. तू हाकलंस की उठतो तो."

मग पाहुण्यांना इंग्रजीत काहीतरी सांगितलं. आणि तोंडानं स्वतःच केलं, हुर्रर्र. चुकीचं. मेंढरू ढुंकून बघणार नाही असं. पाहुणे हसले.

बिरा हसला नाही. तो फरशीवर गाल टेकून माझ्याकडं बघत होता. वाट बघत होता. मी आवाज काढला की त्याला उठायचं होतं. मी काढला असता तर तो हाडं मोडून घेऊन उठला असता. हे मला त्याच्या डोळ्यांत दिसलं. माझ्या पोराला मी काय करून ठेवलंय हे मला तिथं कळलं. दुसऱ्या कुणी नाही. मी.

मी पहिल्यांदा दाराच्या आत पाय टाकला. चपला घालून.

"सायेब, आदी मला सांगा. ह्येला चालवून काय हुनार हाय?"

"ते तुला कळायचं नाही. उठव त्याला."

"रहिमतपूरच्या पाटलास्नी पैल्या दिवशी सांगितलंसा. मला का न्हाई?"

 डॉक्टर चिडले नाहीत. त्यांना खरंच आश्चर्य वाटलं. एखाद्या खांबानं तोंड उघडावं तसं त्यांनी माझ्याकडं पाहिलं. आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले, "सांगून तू काय केलं असतंस?"

मला शिव्या आल्या असत्या तर बरं झालं असतं. आल्या नाहीत. जे आलं ते माझ्या बापाकडनं आलं, भावाकडनं आलं, लहानपणापासून पायाखाली तुडवलेल्या वाटेवरनं आलं. आमचा कळप चालताना एखादं कोकरू मागं पडलं, पाय मुडपून बसलं, तर त्याच्यामागं काठी घेऊन कुणी लागत नाही. त्याला उचलतात. सामान वाहणाऱ्या तट्टाच्या पाठीवर जाळी असते, तिच्यात ठेवतात. तट्टू नसेल तर माणूस खांद्यावर घेतो. हे कुणी शिकवावं लागत नाही. आमच्यातलं चार वर्षांचं पोरगंही कोकरू उचलतं. आणि मी, ह्या साहेबाला बरं वाटावं म्हणून, स्वतःच्या पोराला दोन वर्षं हाकत होतो.

"उचाललं असतं," मी म्हणालो. "जे चालत न्हाई त्येला आमी हाकत न्हाई, सायेब. उचलतो."

आणि मी खाली वाकून बिराला उचललं. त्याच्या ओठाचं रक्त माझ्या सदऱ्याला लागलं. मागनं डॉक्टर म्हणाले की आण्णांना कळवतो. मी थांबलो नाही. तो व्हरांडा, त्या खडूच्या रेघा. दुसरी रेघ मी चपलेनं पुसली. अर्धवटच पुसली गेली.

पायऱ्यांवर एक शिकाऊ डॉक्टरीण पळत आली. पहिल्या दिवशी हसणाऱ्यांत तीही होती, मला चेहरा आठवत होता. ती मला तुम्ही म्हणाली. त्या इमारतीत मला तुम्ही म्हणणारी ती पहिली.

"तुम्हाला मुलगी आहे का?"

"हाय."

"हा आजार आईच्या रक्तातून मुलाला येतो. आईला काही होत नाही. मुलीलाही होत नाही, पण तिच्या मुलग्यांना होऊ शकतो. मुलीच्या मुलीच्या मुलग्यांनासुद्धा. तिच्या लग्नाच्या आधी कुणाला तरी नीट विचारा. आणि ह्याला दमवू नका."

मी मान हलवली. तिचं बोलणं मला शब्द न् शब्द कळलं होतं. हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढं मी न कळल्यासारखं वागलो.

स्टँडवर बसलो तेव्हा बिरानं विचारलं, "आबा, मी नापास झालो व्हय?"

मी सदऱ्याच्या टोकानं त्याच्या ओठाचं रक्त पुसलं. 

आठवड्याच्या आत आण्णांनी कामावरनं काढलं. आम्ही परत वडूजकडं आलो, भावाच्या कळपात. बिराला मी तट्टावर बसवला, दोन्हीकडनं घोंगड्यांचा टेका देऊन. पुढ्यात जाळीत कोकरं. त्याला ते आवडायचं. म्हणायचा, "आबा, ह्या कोकराला खाली उतरवा, ह्येचं पाय चांगलं हायती. फुकट बसतंय माज्यासंगं." हसायचा. आठ वर्षं तो असा आमच्याबरोबर फिरला. आधी हात गेले, मग मान. शेवटी श्वास. सतराव्या वर्षी गेला.

पण हे त्याचं नाही, माझं लिहायचं आहे.

गावी आल्यावर लोकांनी विचारलं, पोराला काय झालं? माझ्या तोंडातनं निघालं, पोलिओ. त्या काळात गावागावात पोलिओची पोरं होती. कुणाला पुढं विचारावंसं वाटायचं नाही. खरं सांगितलं असतं तर माझ्या आईनं आणि भावकीनं सोनाबाईला घरात ठेवलं नसतं, तिच्या रक्तात खोट आहे म्हणून. असं मी स्वतःला सांगायचो. ते खरंही होतं. पण तेवढंच खरं नव्हतं. हौसाचं लग्न व्हायचं होतं. कोण करणार होतं तिला? सोनाबाईला मी सांगितलं पोलिओ. हौसाला पोलिओ. तिच्या सासरच्यांना लग्नाच्या बोलणीत, पानसुपारी हातात घेऊन, पोलिओ. सोनाबाई हेच समजून गेली. मरायच्या आधी म्हणाली होती की डोस पाजायला मीच चुकले असेन. तेव्हाही मी बोललो नाही. तिचे पाय चेपत बसलो.

हौसाला दोन मुलीच झाल्या. मी सुटलो असं वाटलं. डॉक्टरीणबाईनं पायरीवर सांगितलेलं मुलीच्या मुलीचं वाक्य मी विसरलो नव्हतो. विसरल्यासारखं केलं.

गेल्या आठवड्यात हौसाच्या घरी जेवण होतं. तिच्या थोरल्या मुलीचा मुलगा, माझा पणतू, पाच वर्षांचा, पंगतीत माझ्यासमोर बसला होता. हौसाच्या नवऱ्यानं कौतुकानं त्याच्या पोटऱ्या दाबल्या आणि म्हणाला, "बगा की मामा, पैलवान हाय आमचा." मी हातातला घास ताटात ठेवला. जेवणं झाली, सगळे उठले. तो पालथा झाला. हात टेकले. ढुंगण वर. एक हात गुडघ्यावर. दुसरा हात मांडीवर. पोरं हसली. त्याच्या आईनं, माझ्या नातीनं, दटावलं, "नीट उठ की रं, काय नाटकं करतोस."

मी जावयाला बाजूला घेतलं. आजाराचं सगळं सांगितलं, पायरीवरच्या डॉक्टरीणबाईसकट. त्यानं अंगणात खेळणाऱ्या पोराकडं बघितलं. मग म्हणाला, "मामा, धाकटीचं ठरत आलंय. साखरपुडा हाय पंधरा दिसांत. इतकी वर्सं पोलिओ हुता, आजून चार म्हैनं पोलिओच असू द्या."

मी म्हणालो, धाकटीला तरी कळायला पाहिजे. तिच्या पोटी येणार आहे ते.

"सांगून ती काय करनार हाय?"

तेच वाक्य. माझ्या लेकीच्या अंगणात, माझ्या बोलीत, माझ्याच माणसाच्या तोंडून. जावई वाईट नाही. पण मला त्याचा राग आला नाही तो त्यामुळं नाही. मला कळलं की हे वाक्य मी स्वतःच पंचेचाळीस वर्षं माझ्या बायकोला आणि लेकीला न बोलता म्हणत आलो आहे. त्या डॉक्टरानं निदान मला एकदाच म्हटलं होतं. त्याच्या अंगावर पांढरा कोट होता. माझ्या अंगावर काय होतं? बाप असणं, नवरा असणं. त्या जोरावर मी ठरवलं की ह्या बायकांना कळून काय करायचं आहे.

काय करतील? धाकटी लग्न करेल, नाहीतर करणार नाही. आता रक्त तपासता येतं म्हणतात, ती तपासून घेईल. पणतवाची आई निदान त्याला नाटकी म्हणायची थांबेल. त्याला तालमीत घालणार नाही. त्याला उचलेल. मला हे वेळेवर कळलं असतं तर बिराच्या पोटरीवर ती काठी पडली नसती.

लग्न मोडलं तर मोडेल. हौसा माझं तोंड बघणार नाही, कदाचित. जावयानं निरोप पाठवला आहे की साखरपुड्याला मामांनी येऊ नये, तब्येत सांभाळावी.

मी जाणार आहे. पण साखरपुड्याची वाट बघणार नाही. सोमवारच्या एसटीनं निघतो. आधी दोन्ही नातींना समोर बसवून सांगणार, आणि हौसाला, तिची आई निर्दोष होती हे. मग नव्या पाहुण्यांच्या दारात जाऊन सांगायचं की नाही, ते धाकटी ठरवेल. पण माझ्या तोंडून परत पोलिओ निघणार नाही. कुणी कितीही हाकलं तरी नाही.

आणि त्या पोराला दवाखान्यात नेतील तेव्हा मी बरोबर असेन. आता तिथंही चालवून बघतात म्हणे, वेळ लावून. बघू देत. पण पोराला रेघेवर उभं करायच्या आधी, त्याच्या आईला आणि त्याला, त्यांच्या बोलीत, कशासाठी चालवताय ते सांगायचं. नाही सांगितलं तर मी रेघेवर आडवा बसेन. माझे पाय आता फारसे चालत नाहीत. मला हटवायचं तर उचलावं लागेल.

बिराला पोलिओ नव्हता.